उष्टी ऊब

फिनलंडच्या नकाशात बोटाखाली झाकलं जाईल
एवढं आमचं गाव.
तळ्यापलीकडे बिनखिडक्यांची इमारत.
आत माणसं सहा-सात असतील,
बाकी कपाटं, ओळीनं उभी,
आणि कपाटांत जगाचा पसारा:
कुणाचे हिशेब, कुणाच्या लग्नाचे फोटो,
रात्री अडीचला कुणीतरी विचारलेलं
‘छातीत डावीकडे दुखतं म्हणजे काय’.
प्रश्न कुठलाही असो, कपाट तापतं.
त्याला निववायला पाणी आत जातं
आणि कोमट होऊन बाहेर येतं.
त्या कोमटपणाचं पुढे काय करायचं
ही माझी नोकरी.

पंप तो कोमटपणा पिळून घेतात,
ऐंशी अंशांवर चढवून गावाच्या पाण्यात सोडतात.
मग ते जमिनीखालून निघतं,
शाळेखालून, चर्चखालून, बंद कागद गिरणीखालून.
जिथून जातं तिथला बर्फ पातळ होतो,
रस्त्यावर करडी रेघ उमटते.
रेघेवर ससे येऊन बसतात.

बाबांना हे पटत नाही.
एनसियो हाल्मे, एकतीस वर्षं बॉयलरवर.
दलदलीतून खणलेलं, वाळवलेलं पीट,
पट्टा अडकला की फावड्यानं भट्टीत लोटायचे.
धुरांडं पाडलं तेव्हा बघायलाही आले नाहीत.
‘धूर नाही, राख नाही, ती कसली आग?
उष्टी ऊब आहे ही,
दुसऱ्याच्या ताटातली.’
मी म्हटलं, बाबा, उष्टं नाही, उरलेलं.
इतर ठिकाणी पंखे लावून आकाशात फेकतात.
त्यांनी ओले मोजे रेडिएटरवर पसरले
आणि विषय बदलला.

मग जानेवारीत उणे एकतीस.
खालच्या मजल्यावरची लेम्पी, नव्वदीची,
जिन्यात भेटली तर म्हणाली, पाय गार पडतात गं.
त्या रात्री बाबांनी विचारलं,
अगदी सहज, उकडलेला बटाटा सोलत,
‘मी फोनवरून काही पाठवलं, तर कपाट तापतं का?’
तापतं.
‘किती?’
थेंबभर पाणीही कोमट व्हायचं नाही.
‘पण तापतं.’
हो.

दुसऱ्या दिवसापासून ते तळ्यावर जायला लागले.
फोन लोकरी मोज्यात, मोज्याला भिंगापुरतं भोक,
माशांच्या बादलीवर टेकवून
गोठलेल्या तळ्याचं चित्रण करतात.
चाळीस-चाळीस मिनिटं. नुसतं तळं.
घरी आले की एकेक पाठवतात,
फावडं मारावं तसं अंगठ्यानं लोटत,
आणि खाली जाऊन लेम्पीचा रेडिएटर चाचपतात.

मी सांगितलं नाही
की ती चित्रणं आपल्या तळ्याकाठी येतच नाहीत.
कुठल्या देशातल्या कुठल्या कपाटात जातात
मलाही ठाऊक नाही.
हेही सांगितलं नाही
की लेम्पीच्या रेडिएटरची चावी अडकली होती,
मी मंगळवारी पान्यानं सोडवली.
ती बाबांना आता वेलची घातलेला पाव देते.
ते घेतात, पगार घ्यावा तसा,
मोजून न बघता.

काल रात्रपाळीला
पडद्यावरचे आकडे हलत नव्हते,
म्हणून त्यांतलं एक चित्रण लावलं.
पांढरं.
बराच वेळ पांढरं.
एकविसाव्या मिनिटाला बाबा खोकतात.
मग बर्फ खालून कण्हतो, लांबवर,
लोखंडी दार कुणी ओढावं तसा,
आणि बाबा, आसपास कुणी नसताना,
हळूच म्हणतात,
‘घाल अजून थोडं.’

मी शेवटपर्यंत पाहिलं.
मग परत पहिल्यापासून लावलं.
बाहेर रेघेवर दोन ससे होते,
एकमेकांकडे पाठ करून.